माझ्या नावाने गेलेलं उत्तर

अहमदनगर, मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९९

किळस आली आज. दुसरा शब्द सुचत नाही.

प्रौढांसाठीचा आमचा ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचा वर्ग यंदा ईमेलवर गेला. मी उत्तरं कागदावर लिहितो, ऑफिसातला सुधीर ती टाइप करून पाठवतो. राहुरीच्या मार्थाबाईंनी विचारलं होतं, "गुरुजी, माझं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. ते देवाकडं आसंल का?"

मला लिहवेना. सुधीरने न विचारता धड्यातलं तयार वाक्य पाठवलं: बाप्तिस्म्याविना ख्रिस्ती मंडळीत प्रवेश नाही. खाली माझं नाव!

जाब विचारला तर सुधीर म्हणाला, "तुमी लई वेळ लावता गुरुजी. अन् धड्यात तसंच हाय ना?"

"अरे, ती आई आहे."

"कॉम्प्युटरला काय कळतंय ते?" वर हसला. माझं नाव घालून हसला.

मार्थाबाईंचं उत्तर आलं: "कळलं. मी कोर्स सोडते."

पूर्वी चर्चच्या आवारात, लिंबाखाली वर्ग भरायचा. असा प्रश्न आला की कोणीतरी आधी भजन धरायचं. मग मी शाळेत पाठ केलेली एखादी कविता म्हणायचो. उत्तराची वेळ त्यानंतर यायची, कधी यायचीही नाही. तोवर विचारणाऱ्याच्या शेजारी कोणीतरी सरकून बसलेलं असायचं. आता प्रश्नाला लगेच उत्तर, मध्ये माणूसच नाही. आणि खाली माझं नाव. शी!

उद्या सकाळच्या एसटीने राहुरीला जातो. काय सांगणार? ठाऊक नाही. बाळ कोणासारखं दिसत होतं, एवढं तरी विचारीन.