पाच बोटं आणि गावचं तेल

८ फेब्रुवारी
हातांना आग लागलीय. खाज नव्हे, आग. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत, फक्त मागच्या बाजूला, मोहरी पेरल्यासारखी पुरळ. तळवे साफ. खाजवून खाजवून पटाशीच्या मुठीला रक्त लागलं. पास्कल म्हणाला, "घरी जा रे, लाकडाला डाग पडतील." पडू देत की. माझ्या नातवाचा पाळणा आहे, आजोबाचंच रक्त लागेल.
(नातू की नात कुणाला ठाऊक, सु. म्हणते. मी ठरवलंय.)
सोळा दांडे लेथवर कातायचे, सहा झाले. जुन्या दरवाज्याचा साग, झकास निघतोय.

१० फेब्रुवारी
मेघा आली मुलुंडहून. पाचवा संपत आला. म्हटलं, सातवा लागला की इथे अंधेरीला ये, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. ती माझ्या हातांकडे बघत बसली. "आधी हे हात बरे करा बाबा. मग बघते." सु. आईच तिची, लगेच, "बरोबर बोलली हो." दोघी एक झाल्या की संपलं.
तर हात बरे झाले की मेघा येणार. एवढंच लक्षात ठेवायचं.
चहा घेऊन खुर्ची पार दारापाशी ओढून बसली. लहानपणापासून अशीच घुमी.

१५ फेब्रु.
आता दंडावरही. सकाळी भाताच्या गरम वाफेवर हात धरले, एक क्षण स्वर्ग, मग दुप्पट आग. सु. ने पातेलं हिसकावलं. मी ताट भिंतीवर मारलं. आमटी कॅलेंडरवर.
ती फडकं घेऊन बसली पुसायला. त्याचाही राग आला.

२१ फेब्रु.
स्किनच्या डॉक्टरीणबाई. पोरगीच आहे, मेघाएवढी. "काय काय वापरता ते सगळं लिहून आणा" म्हणून फोनवरच सांगितलं होतं. यादी नेली: सुपरग्लू (चिरा भरायला, भुश्यात कालवून). दोन नळ्यांचा गोंद. पास्कलचं बाटलीतलं पॉलिश. पॉलिश पेपर. सागाचा भुसा.
घरी लिहीत होतो तेव्हा सु. मागून, "आणि तेल?"
तेल काय लिहायचं? रंग बघायला सागाच्या तुकड्यांवर चोळतो, एवढंच. काजूच्या टरफलाचं, दादा गावाहून बरणी भरून पाठवतो. होड्यांना लावतात, घराच्या वाशांना लावतात, वाळवीचा बाप शिवत नाही. ते काय केमिकल आहे? म्हटलं, "तू माझ्या यादीत बिब्बा घालू नकोस."
बाई म्हणाल्या, गोंदाचा संशय आहे, काम बंद ठेवा. गोळ्या दिल्या, हळूहळू कमी करत जायच्या. "या गोळ्यांनी थोडी चिडचिड वाढेल हं काका."
सु. हसली. दवाखान्यात, चार माणसांत. "अजून?" म्हणाली.

२८ फेब्रु.
पुरळ उतरली! गोंदच होता साला. पास्कलला सांगितलं, यापुढे पाळण्याला गोंदाचा थेंब लागता कामा नये. तो म्हणाला, चिरा कशाने भरू मग, थुंकीने? म्हटलं, चिरलेलं लाकूड घ्यायचंच नाही.
लेथ त्याच्या ओटीवर, मरोळच्या गावठाणात. मोटर माझी, जागा त्याची. कारखान्याच्या टूलरूममध्ये सव्वीस वर्षं एका बाकावर काढली आम्ही, त्यामुळे कुणाचं काय हे कधी विचारलं नाही.
"काम बंद" असं बाई म्हणाल्या होत्या. बंद काय, गोंद बंद.

६ मार्च
दांडे सोळाही झाले. आज दहा दांड्यांना तेल चढवलं. पास्कलने फडकं दिलं, मी फेकून दिलं. गावात फडकं कोण वापरतं? तळहातानेच चोळायचं, लाकूड पितं. काय रंग आला! भाजलेल्या काजूसारखा. पास्कल लांब उभा राहून नाक दाबत होता. "हे तोंडात गेलं बाळाच्या तर?" म्हणे. आमच्या गावची पोरं काय मेली का?

८ मार्च
वाट लागली. उजवा डोळा बंद. पापणी एवढी सुजलीय की आरशात दुसराच कुणी मारामारी करून आलाय. हातांवर आता पुरळ नाही, सरळ फोड. एकवर आलेली गोळी परत दोनवर नेली, स्वतःच.
मेघाचा फोन. सु. ने सांगितलं, वाढलंय. पलीकडून काहीतरी म्हणाली, सु. म्हणाली, "हो गं, तेच मी पण म्हणते." काय तेच? दोघींनी सांगितलं नाही. फोन आपटला मी. काच गेली.

९ मार्च
मारलं पास्कलला.
एका डोळ्याने गेलो, उरलेले सहा दांडे तेल लावून संपवायला. चारांना लावलं. पाचवा उचलला तर त्यात चीर, आणि चिरेत गोंद भरून पेपर मारलेला. मला न सांगता! डोकं सणकलं. बाटल्या उचलल्या सगळ्या, त्याच्या गोंदाच्या, पॉलिशच्या, आणि अंगणातल्या क्रुसाच्या कट्ट्यावर आपटल्या एकेक. फिलोमिना, त्याची बायको, ओरडत बाहेर आली. तो शांत. म्हणाला, "गोंद नाही रे बाबा, तुझं ते तेल आहे. आंधळ्यालापण दिसेल. तुला दिसत नाही कारण ते तुझ्या गावचं आहे."
ठेवून दिली. हात तेलाने ओला होता तसाच. चष्मा उडाला, गटारापाशी पडला.
त्याने उलट हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं.

१० मार्च
काही पश्चात्ताप वगैरे नाही. माणूस डोळा बंद करून, आगीत हात घालून उभा असताना त्याच्या गावाला नावं ठेवायची? बापाने मला याहून जास्त मारलंय आणि मी पाया पडतो त्याच्या फोटोच्या.

१२ मार्च
फिलोमिनाचा फोन सु. ला. "येऊन बघून जा तुझ्या नवऱ्याने काय केलंय ते."
गेलो. तीन दिवसांत त्याच्या गालावर हात उमटलाय. खरा हात. पाच बोटं, पाण्याने भरलेले फोड, ओळीने. अंगठा डोळ्याखाली. करंगळी वाकडी, कारण माझी करंगळी वाकडी आहे, टूलरूमच्या मशीनमध्ये गेली होती तेव्हापासून. ती मशीन बंद करून माझा हात बाहेर काढला तो पास्कलनेच.
म्हणजे तेलच. त्याला गोंद कुठे लागला होता गालावर?
मी म्हटलं, "पास्कल."
तो म्हणाला, "बघितलंस? जा आता."

१३ मार्च
डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मारल्याचंही, त्याशिवाय सांगता येईना. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "लहानपणी कधी बिब्बा घातला होता?"
होता ना. पावसाळ्यात पायात काटा मोडला, पू झाला. आईने सुई तापवून बिब्ब्यात खुपसली आणि टाचेला तेल टेकवलं. मी अख्खी वाडी डोक्यावर घेतली होती. डाग अजून आहे. बाई म्हणाल्या, तेव्हाच अंगाने ओळख ठेवली असणार. बिब्बा, काजू, आंबा एकाच घरातले. तुम्ही त्याच घरातलं तेल दोन-दोन हातांनी चोळताय. मित्राला ॲलर्जी असायचीही गरज नाही, ते तेल कुणालाही भाजतंच.
आणि दांडे? वाळल्यावर?
"तोंडात घालणाऱ्या बाळासाठी मी हो म्हणणार नाही."
गोंदाची टेस्ट गोळ्या संपल्यावर करू म्हणाल्या, पाठीवर पट्ट्या लावून. म्हटलं तेलाची? "ती मी करणार नाही काका. ती तुमच्या मित्राच्या गालावर झाली."
सु. रस्त्यात म्हणाली, "बघा. बिब्बा कोणी घातला?"


१४ मार्च
दादाला गावी फोन. "आमी जल्मभर लावतंव, आमका कधी काय झाला नाय. तू मुंबैकर झालंस." म्हटलं, तुझे हात बघ जरा. म्हणे, "हात काय, काळे आसत. ते सगळ्यांचेच आसत."

२० मार्च
हात सुकत चाललेत. मेघाला फोन केला, खूश होऊन. म्हटलं, कारण सापडलं गं, तेल बंद, महिन्याभरात हात साफ. कधी आणायला येऊ?
म्हणाली, "मी पास्कल अंकलला बघून आले परवा."
म्हटलं, हो, ते तेलामुळे.
"तेलामुळे उठलं बाबा. मारलं कोणी?"
पुढे जे बोलली ते तसंच लिहून ठेवतो. "करंगळी वाकडी आलीय ती ओळखली मी. माझ्या गालावर अशीच यायची. फक्त सकाळपर्यंत जायची, म्हणून शाळेत कुणाला कळायचं नाही. हात बरे करा म्हणाले तेव्हा मी पुरळीचं नव्हते बोलत."
कापला फोन.
मी कधी मारलं तिला असं? दोन-चारदा. पाचवीत गणिताला. एकदा दादाच्या मुलीच्या लग्नात, सगळ्यांसमोर. आठवीत ते कंपासपेटीचं. अजून एकदा जिन्यात. मोजायला बसलो तर थांबेना.

२२ मार्च
सकाळी गावठाणात गेलो. पास्कल चर्चला गेला होता, रविवार. ओटीवर हातोडा घेतला आणि दांडे फोडले. सोळाही. साग सहजासहजी तुटत नाही, एकेकाला सात-आठ घाव लागले. हातमोजे घालून. कुणावर घाव घालत होतो कुणास ठाऊक, तोंडाने शिव्या देत होतो, मलाच. लेथच्या पाट्यावरही दोन बसले.
ढीग करून काडी लावणार इतक्यात पास्कल आला. कोटात. धावत. काडीपेटी हातातून पाडली. "वेडा झालास? त्या तेलाचा धूर झाला तर अख्ख्या गावठाणाचे डोळे जातील! माझी आई आहे आत!"
गाल सोललाय त्याचा, खाली गुलाबी कातडी.
मी मटकन खाली बसलो आणि रडलो. घाण रडलो, नाकातोंडाने. त्याने हात लावला नाही मला. पण गेलाही नाही आत. तुकडे गोणीत भरले दोघांनी.
माफी मागितली. "ऐकलं" म्हणाला.

१६ एप्रिल
दोन दिवस पाठीवर पट्ट्या, आंघोळ नाही. आज काढल्या. गोंद, पॉलिश, सगळं साफ. परवा परत बघणार.
ज्याच्या बाटल्या फोडल्या तो निर्दोष.

१८ एप्रिल
आजही साफ. पास्कलला सांगितलं. "मला माहीत होतं" म्हणाला. मग, "साग आणलाय मी. दांडे मी कातणार. तू फक्त पेपर मारायचा. कोरा पाळणा, ना तेल ना पॉलिश." फिलोमिना दारातच उभी. मी गेल्यावर अजून आत जाते आणि कडी लावते.

३ मे
गावाहून पेटी आली हापूसची. सु. ने साल काढून फोडी करून दिल्या, लांबून, काट्याने. खाल्ल्या. कोय चोखायची बंदी. कोकणातल्या माणसाला यापेक्षा फाशी द्या.
ओरडलो मात्र नाही. सु. दोनदा वळून बघून गेली.

१७ मे
हात साफ. एक डाग नाही. पाळणा हॉलमध्ये टांगलाय, कोरा, पिवळसर.
मेघा आली. नववा लागलाय, जिना चढून घामाघूम. नवऱ्याने बॅग वर आणून दिली आणि तो गाडी लावायला गेला. चेन अर्धी उघडी, आत दुपटी, झबली दिसत होती. पाळण्याचा एकेक दांडा हात फिरवून बघितला तिने. "कुणी केले?" "पास्कलने. मी फक्त घासले." मान हलवली.
दोन्ही हात पुढे केले मी, उलटसुलट. "बघ." बघितले. "हो," म्हणाली, "बरे झालेत."
पंख्याचं बटण तिच्या डोक्यामागे होतं. एवढा घाम आलेला पोरीला. बटण दाबायला मी हात वर केला.
तिचं कोपर वर गेलं, चेहऱ्यावर. दुसरा हात पोटावर. मान खाली. एकतीस वर्षांची बाई.
हात तसाच वर राहिला माझा. खाली कसा आणायचा तेच कळेना. कुठूनही आणला तरी तिच्यावरूनच येणार होता. शेवटी म्हटलं, "पंखा लावत होतो गं." ती म्हणाली, "हो. कळलं." सु. ने येऊन पंखा लावला.
चहा घेतला तिने. दारापाशी नाही, पाळण्याजवळच्या खुर्चीत. मी समोर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. पाऊण तासाने गेले मुलुंडला दोघं.
बॅग इथेच आहे. विसरली की ठेवली, सु. म्हणते फोन करून विचारा. मी नाही विचारणार. बॅगेला हातही लावलेला नाही.