तुमच्या रेडिएटरमधली हळद

अण्णा, काल तुमच्या गाडीचा रेडिएटर बदलला. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं ती गाडी गुलटेकडीच्या कांदेवाल्या व्यापाऱ्याच्या गोदामात ताडपत्रीखाली उभी होती. त्यांच्या ट्रकचे रेडिएटर तुम्ही करायचात म्हणून त्यांनी ती कधी हलवायला सांगितली नाही. आता त्यांचे नातू गोदाम पाडताहेत, म्हणून मी ती सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेली. असल्या गाडीला हल्ली हॉट रॉड म्हणतात म्हणे. लढाईआधीचा सांगाडा, कापलेलं छप्पर, काढून टाकलेले पुढचे मडगार्ड आणि आत जीपचं इंजिन. आपल्या आळीत तिला सगळे बंब म्हणायचे. तुम्हाला त्याचा राग येत नसे, कारण आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या पाणी तापवायचे बंबच ठोकले गेले होते. नवा रेडिएटर अॅल्युमिनियमचा आहे. गॅरेजवाल्याने तो एका हाताने उचलून आणला. तुमचा उतरवायला दोन माणसं लागली.

कसब्यातलं तुमचं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. आजोबांनी घागरी आणि पातेली केली, तुम्ही त्याच तांब्या-पितळेचे रेडिएटर करायला लागलात. दारातच पाण्याचा हौद. रेडिएटरची तोंडं बंद करून तुम्ही तो हौदात बुडवता, हवा भरता आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसता. बुडबुडा दिसला की बोट तिथंच ठेवून मला म्हणता, "खडू दे." मग तिथं कथील वितळवून डाख द्यायची, पुन्हा बुडवायचं, पुन्हा बघायचं. मार्केट यार्डातले ट्रकवाले तुमच्याकडे यायचे आणि त्यांतल्या निम्म्यांनी वाटेत गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद घातलेली असायची. ती फुगते, भोकात बसते आणि गाडी घरी पोचते. टाकी उघडल्यावर पिवळं दिसलं की तुमचा आवाज एकदम थंड व्हायचा. "आज हळद घातलीत, पुढच्या वेळी मोहरी-हिंगाचीही फोडणी द्या. रेडिएटर आहे तो, बटाट्याची भाजी नव्हे." एकाला तर तुम्ही आल्या पावली परत पाठवलंत. हळदीने गळती थांबते आणि नळ्यांतून फिरणारं पाणीही थांबतं, हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

तुम्ही आणि आई साताऱ्याला लग्नाला गेला होतात, तेव्हा मी गाडी बाहेर काढली. वीस वर्षांची होते. चालवायला तुम्हीच शिकवलं होतं, पण एकटीने न्यायची नाही एवढी एकच अट होती. कात्रजच्या घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा खडा उडाला आणि सरळ जाळीवर बसला. खाली पाण्याची बारीक धार लागली. मी कडेला थांबून रडत होते. मागून आलेल्या एका ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं आणि आपल्या स्वयंपाकाच्या पेटीतून हळदीचं पाकीट काढून दिलं. "दोन चमचे टाका ताई, घरापर्यंत काय होत नाय." इंजिन थंड होईपर्यंत तो थांबला, पाणी भरून दिलं आणि निघून गेला. मी दोन चमचे टाकले. धार कमी झाली, पण थांबली नाही. तुम्ही परत यायच्या आत ती थांबायलाच हवी होती, म्हणून मी अख्खं पाकीट आत रिकामं केलं. धार थांबली आणि माझा जीव भांड्यात पडला.

तुम्ही आलात, गाडी जागेवर होती. मी काही बोलले नाही. पुढच्याच महिन्यात जुन्या मोटारींच्या फेरीचं तुम्हाला आमंत्रण आलं. बंगलेवाल्यांच्या, संस्थानिकांच्या गाड्यांच्या रांगेत कसब्यातल्या तांबटाची गाडी. तुम्ही आठ दिवस पितळ घासत होतात. आदल्या दिवशी तुम्ही पाणी बदलायला निघालात, तशी मी पुढे झाले. "तुम्ही राहू द्या अण्णा, मी करते." पिवळं पाणी गटारात जाईपर्यंत मी तिथं आड उभी राहिले आणि वरून स्वच्छ पाणी भरलं. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, तरी मला धीर नव्हता. हात पुसत आत आले तर तुम्ही आईला म्हणत होतात, "आता हिच्यावर सोपवायला हरकत नाही." आणि गाडीची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवलीत. मी ती घेतली, अण्णा.

फेरी लक्ष्मी रस्त्यालाही लागली नव्हती, तेव्हाच तापमानाचा काटा वर गेला. टोपणाखालून वाफ उसळली आणि गाडी भर गर्दीत बंद पडली. मी तुमच्या शेजारी बसले होते. फुटपाथवरून कोणीतरी विचारलं, "काय हो, चहाचं आधण ठेवलंय का?" तुम्ही ज्याला परत पाठवलं होतंत तो ट्रकवालाही तिथं होता. तो हसला नाही. तो फक्त म्हणाला, "रेडिएटरवाल्याचीच ना गाडी?" तुम्ही खाली उतरलात, जाळीवर हात ठेवलात आणि चटका बसला तरी काढला नाहीत. घरी आल्यावर मला वाटलं, आता टाकी उघडतील, पिवळं बघतील आणि मला हाक मारतील. मी त्या हाकेची वाट बघत होते, जवळजवळ आशेनेच. अर्ध्या दिवसाचं तर काम होतं. टाकी खोलायची, नळ्यांतून पट्टी फिरवायची, खड्याचं भोक बुजवायचं. पण पुण्यातल्या सगळ्यांचे रेडिएटर उघडून बघणाऱ्या तुम्ही स्वतःचा उघडला नाहीत. आई म्हणाली, "एकदा बघा तरी." तुम्ही म्हणालात, "काय बघायचं? डाख माझीच आहे. हात गेला माझा."

दिवाळीपर्यंत दुकान बंद झालं. हौद कोरडा पडला. त्यानंतर तुम्ही पाच वर्षं होतात, खिडकीशी बसून, कोणी काम घेऊन आलं तर "आता होत नाही" म्हणत. ते तसं नव्हतं. तुमचा हात शेवटपर्यंत चांगला होता, आईच्या फुटक्या कळशीला तुम्ही न बघता डाख द्यायचात. हे मला माहीत होतं आणि फक्त मलाच माहीत होतं. रोज सकाळी कॉलेजला आणि मग नोकरीला जाताना मी तुमच्यासमोरून गेले. एक वाक्य बोलायचं होतं. आधी रागाची भीती वाटली, मग इतके दिवस का बोलली नाहीस असं विचाराल याची, आणि शेवटी तर तुम्ही इतके थकला होतात की आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला पटवलं. मी तुमचं काम तुमच्याकडून काढून घेतलं, अण्णा. याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

काल गॅरेजवाला नवा रेडिएटर बसवत होता. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये रबर घालत होता, जुने पाइप जाड पडतात म्हणून नवे कापत होता. पंचेचाळिशीचा शांत माणूस आहे. त्याच्या वडिलांचंही गॅरेज होतं. म्हणाला, "ताई, आमचे वडील तुमच्या अण्णांचं नाव काढलं की कानाला हात लावायचे. डाख बघावी तर त्यांची." मग उत्सुकतेनेच त्याने तुमची टाकी खोलली. डाखेची रेघ एका सरळ ओळीत, कुठे एक थेंब जास्तीचा नाही. आणि आत सगळ्या नळ्या पिवळ्या, दगडासारख्या घट्ट. त्याने नखाने खरवडून वास घेतला. "हळद आहे ही. अण्णांच्या गाडीत? कोणी घातली?"

छपन्न वर्षांची आहे मी. आई नाही, तुम्ही नाही, रागावणारं कोणी उरलेलं नाही. त्या माणसाशी माझी चार दिवसांची ओळख. आणि मी म्हणाले, "त्यांनीच घातली असेल. शेवटी शेवटी त्यांना काही सुचत नव्हतं."

 तुमचा रेडिएटर त्याने दोन्ही हातांनी धरला होता, तो हळूच भंगाराच्या ढिगावर ठेवला. नंतर फोनवर कोणाशी तरी बोलताना त्याचा आवाज ऐकू आला, "हो, तेच तांबट. अहो, तेसुद्धा शेवटी हळद घालत होते."

गाडी आता व्यवस्थित चालते, काटा मध्यावर राहतो. उद्या ती आणायला जायचं आहे. तेव्हा त्याला खरं काय ते सांगेन, असं लिहून हे पत्र संपवायचं म्हणून मी सकाळी बसले होते. दुपार झाली. मला नाही वाटत मी सांगेन.