वहिनींच्या पत्र्यावरचे पाणी

मी, विश्वनाथ मल्लिकार्जुन होनराव, वय वर्षे ७६, धंदा मोटार वाइंडिंग (आता बंद), राहणार बार्शी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाशिवाय लिहून ठेवत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही, असे डॉक्टरांनीही सांगितले आहे.

१. सन १९९६ च्या वाटणीपत्राने माझ्याकडे आलेले राहते घर, अंगणासह व अंगणातील आडासह, माझा मुलगा चि. मल्लिनाथ यास द्यावे. मात्र आड बुजवू नये. मल्लिनाथ परवा म्हणाला, "अप्पा, तिथं स्लॅब टाकला तर दोन गाड्या बसतील." घरात माणसे चार आणि गाड्या दोन. मी म्हणालो, "मग एक गाडी वीक." तो हसला. मी हसलो नव्हतो. आड बुजवला तर घर माझी मुलगी चि. शैला हिचे होईल, हे येथे स्पष्ट लिहितो.

असे का, हे पोरांना नीट ठाऊक नाही, म्हणून सांगतो. आम्ही नऊ भावंडे, आईवडील, आजी, आत्या. सगळ्यांना हा एकच आड पुरत असे. पुढे थोरला भाऊ शिवलिंग आणि मी वेगळे झालो. मधे भिंत आली, आड माझ्या बाजूला राहिला. आडाचे पाणी शेंदायचा कंटाळा म्हणून १९९८ साली मी तीनशे फुटांचा बोअर घेतला. गल्लीने माझे पाहून घेतले. एकतीस घरे, एकतीस बोअर. निम्म्याहून जास्त बोअरच्या मोटारींचे वाइंडिंग मीच भरून दिले. धंदा जोरात होता. मला अभिमानच वाटे.

शिवलिंगचा बोअर दीडशे फुटांचा. दोन उन्हाळ्यांत तो आटला. कलावती वहिनी भिंतीवरून ओरडल्या, "भावजी, आमच्या वाटचं पाणी तुमीच वढताव की!"

मी म्हणालो, "जमिनीखाली भिंत नसते वहिनी. खोल जावा."

भाऊ खोल गेला. चारशे फुटांवर नुसती धूळ निघाली. पुढच्या वर्षी तो वारला. बोअरमुळे वारला असे नाही, पण माझे ते वाक्य कानात घेऊन गेला. वहिनी पंधरा वर्षे माझ्याशी बोलल्या नाहीत.

आडही कोरडा पडला आणि आम्ही त्यात कचरा टाकू लागलो. तेव्हा माझी पत्नी कै. गिरिजा एकदा म्हणाली, "नऊ लेकरांच्या घराला आड पुरला. आमची दोन, मल्लूची एक. लेकरं कमी झाली, मग पाणी का पुरंना?" मी घरात नजर फिरवली. कपड्यांचे मशीन, दुसरे न्हाणीघर, कूलर, आणि एक घागर शुद्ध करताना तीन घागरी मोरीत सोडणारे पाण्याचे यंत्र.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी आड उपसायला घेतला. पावसाळ्यात छपराचे पाणी त्यात सोडायचे ठरवले. पण माझे छप्पर लहान, वहिनींचा पत्रा मोठा. गेलो त्यांच्या दारात.

"कशाला आलाव?"

"तुमच्या पत्र्यावरचं पाणी मागायला."

"भुईखालचं नेलं, आता आभाळाचं बी न्यायला आलाव व्हय?"

त्या आत गेल्या. दार मात्र लावले नाही. चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "नळी चांगली आणा. हलकी आणली तर मीच काढून फेकीन."

त्याच आठवड्यात भिंतीला दार पाडले. मी माझा बोअर झाकण लावून बंद केला. तिसऱ्या वर्षी आडाला होळीपर्यंत पाणी टिकले. गिरिजा ते बघायला नव्हती.

२. वाइंडिंगचे मशीन, तांब्याची तार व हत्यारे चि. शैलास. सातवीत असताना तिने भरलेली मोटार अजून जळालेली नाही. मल्लिनाथने भरलेल्यांबद्दल काही लिहीत नाही.

३. आमचे जावई दर दोन-तीन वर्षांनी नवा टीव्ही घेतात आणि जुना 'अप्पांना होईल' म्हणून पाठवतात. असे तीन टीव्ही माळ्यावर आहेत. ते त्यांना टॉवेल-टोपीसह सन्मानाने परत करावेत. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त दुकानापासून लांब ठेवावा.

४. आडाचे पाणी दोन्ही घरांचे. त्यात मोटार सोडू नये, शेंदूनच घ्यावे. हात दुखले की पाणी आपोआप कमी लागते.

५. ~~आडालगतचा कोथिंबिरीचा वाफा श्रीमती कलावती शिवलिंग होनराव यांस द्यावा.~~ हे कलम मी स्वतः रद्द केले आहे. कारण असे की, आज सह्यांच्या वेळी वहिनी साक्षीदार व्हायला बसल्या. वकील म्हणाले, "आजी, ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष न केलेली बरी. पुढं वाद होतात."

"मग वाफा काढा. मला सही करायची हाय."

मी म्हणालो, "वहिनी, साक्षीदार मागं राहणारा लागतो. तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी थोरल्या."

"थोरली असंन. पण उद्या कुणी आडाला हात लावला, तर कोर्टात उभं कोण राहील? तुमच्या आधी मी जात न्हाई, भावजी. लिवा."

लिहिले.

ठिकाण : बार्शी, जि. सोलापूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२३

लिहून ठेवणार : विश्वनाथ मल्लिकार्जुन होनराव (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१. डॉ. अरविंद नेमचंद कटारिया (सही)
२. कलावती शिवलिंग होनराव (सही, अंगठा देण्यास नकार, सहीला लागलेला वेळ सात मिनिटे, सर्वजण थांबले)