आम्ही कॉलेजात जातो

४ ऑगस्ट
आज आम्ही कॉलेजात गेलो. बी.एस्सी., पहिलं वर्ष, गणित. चिमीचं वय सात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आमचे बाकावर दिसले, जमिनीला टेकत नव्हते एवढंच. पालक म्हणून मला शेजारी बसायची खास परवानगी आहे. हजेरीला 'हजर' मीच म्हणालो, तिचा आवाज पोचत नाही.
संकल्प : दहाव्या वाढदिवसाआधी पदवी.

७ ऑगस्ट
मॅडमनी फळ्यावर घातलेलं गणित चिमीने त्यांचं बोलणं संपायच्या आत सोडवलं. मला कळलं नाही, पण डोकं आपल्याकडूनच गेलंय. नंतर तिने विचारलं, दुसरीतल्या मैत्रिणींची आत्ता मधली सुट्टी असेल ना? एकाग्रता वाढवायला हवी.

१२ ऑगस्ट
तासाला बाटली सांडली. बाक भिजला, फ्रॉकही. मागची पोरं हसली. पाणीच होतं, मी मॅडमना दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, बाटलीचं झाकण तर बंद आहे. काही माणसांना नसत्या चौकशा फार.

१३ ऑगस्ट
तिला समजावलं, मोठी माणसं तास चालू असताना मध्येच उठत नाहीत. शिवाय नामी उपाय काढला. सकाळपासून पाणी बंद. बायको म्हणाली, मुलगी आहे की निवडुंग? तिला शिक्षणातलं काही कळत नाही.

२० ऑगस्ट
उपाय लागू पडला. बाक कोरडा. चिमी पोटावर हात दाबून गप्प ऐकते. याला म्हणतात एकाग्रता. पेपरवाले येतीलच कधीतरी, म्हणून मुलाखत आरशासमोर देऊन पाहिली. चांगलं बोलतो मी.

२५ ऑगस्ट
चिमीचं अंग जरा गरम. हवा बदललीय. गोळी देऊन चाचणीला नेलं. निम्म्यात उलटी झाली. मॅडम म्हणाल्या, हिला आधी डॉक्टरकडे न्या. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

२७ ऑगस्ट, हॉस्पिटल
लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. सलाइन लावलंय. डॉक्टरीणबाईंनी चिमीला विचारलं, कितवीत आहेस? मी बी.एस्सी. म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, दुसरीत. त्या म्हणाल्या, मग बाई बाथरूमला जाऊ देत नाहीत का?
चिमी म्हणाली, बाई देतात. बाबा देत नाहीत.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग नर्सने भांडं आणलं, तर चिमी माझ्याच तोंडाकडे बघत बसली. मी म्हणालो, कर बाळा. तरी होईना. बायको म्हणाली, तुम्ही बाहेर जा, म्हणजे तिला होईल.
बाहेर बसलो आहे.