तपकिरी खाडी

मॅडम, तुम्ही कितीदा सांगितलंत तरी मला तुम्हाला नावाने हाक मारणं जमलं नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, आणि ‘मावशी’ म्हणावं तर तुम्हाला कळलं नसतं, म्हणून मॅडम. तुम्ही इथून गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आम्ही अजून शारजातच आहोत, अल मजाजच्या त्याच टॉवरमध्ये. पहिल्यांदा तुम्ही मला दिसलात त्या दिवशी मी लेकीला बाबागाडीत घालून खाडीकाठी फिरत होते. तुम्ही एकदम ओरडलात, ‘हलू नकोस! दोन मिनिटं!’ मला वाटलं, पायाशी काहीतरी आहे. तुम्हाला माझी पिवळी ओढणी हवी होती. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला, आणि चित्रात पाहते तर मी नाहीच, नुसता एक पिवळा फटकारा. ‘ही मी?’ मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. ‘हा तुझ्यावर पडलेला उजेड,’ तुम्ही म्हणालात. त्यानंतर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, लेक बाबाजवळ आणि मी तुमच्याजवळ, हातात ब्रश घेऊन.

तुमचं आयुष्य मला खाडीकाठच्या रेलिंगपाशी तुकड्यातुकड्यांनी कळलं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचं गाव, बर्फात उभं करून शिकवणारे मास्तर, पॅलेटवर काळा रंग दिसला की तो पुसून टाकणारे. सावली काळी नसते, निळी असते, जांभळी असते, हे तुम्ही त्यांच्याकडून शिकलात. मग लग्न, आणि साहेब तेलकंपनीत, म्हणून तेल निघेल तिथे बिऱ्हाड. कुठेही गेलात तरी गाडीच्या डिकीत ईझल आणि रंगांचा डबा. तिकडच्या गॅलऱ्या म्हणायच्या, इम्प्रेशनिस्ट निसर्गचित्रं ही शंभर वर्षांपूर्वीची फॅशन, आता कोण घेतंय. इथे लोक उंट मागायचे. ‘खलास, बस्स झालं, मी उंट काढत नाही,’ म्हणून तुम्ही हसायचात आणि पुन्हा पाण्याकडे वळायचात. ते हसणं मी तेव्हा खरं धरलं.

तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यापासून तुमची खाडी तपकिरी होत गेली. आधी मधासारखी, मग गुळासारखी. फटकारे मोठे झाले, कडा विरघळल्या. त्या चित्रांसमोरून माझा पाय निघायचा नाही. वाळू उडालेल्या संध्याकाळी इथलं पाणी असंच दिसतं, थकलेलं आणि उबदार. मला वाटलं, ही तुमची नवी तऱ्हा. मग एका हॉटेलच्या लॉबीत तुमचं प्रदर्शन लागलं. आमचे हे साइटवरून थेट आले, बुटांना सिमेंट, आणि सगळ्यांत मोठ्या चित्रासमोर उभे राहून मला मराठीत म्हणाले, ‘अगं, हे पाणी कडक चहासारखं काय दिसतंय?’

तुम्ही वळलात. ‘काय म्हणाला तो?’

‘म्हणतात, फार छान आहे. फार उबदार.’

‘नाही. तो करक म्हणाला.’ टपरीवरचा करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, तुम्ही रोज प्यायचात, मॅडम. तो शब्द तुम्हाला चुकणार नव्हता. ‘माझं पाणी चहाच्या रंगाचं आहे?’

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी बोलावून रंगांच्या दोन ट्यूबा पुढे धरल्यात. लेबलं रंगाने बरबटली होती. ‘कुठली कुठली, सांग.’ एक गडद निळी होती, एक तपकिरी. तुम्हाला दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

साहेब समुद्रात रिगवर, म्हणून डोळ्यांच्या ऑपरेशनला दुबईला मीच तुमच्याबरोबर आले. पट्टी काढल्यावर तुम्ही आधी माझा पंजाबी ड्रेस पाहिलात. ‘हा निळा? हबीबी, हा निळा आहे!’ आणि नर्ससमोर तुम्ही रडायला लागलात. मीही रडले. इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिला असेल.

आठवड्याने मी येते तर तुमच्या हॉलभर ती तपकिरी चित्रं भिंतींना टेकवलेली. ‘कुणीच कसं सांगितलं नाही मला?’ तुम्ही विचारता. ओरडला असतात तर बरं झालं असतं. ‘मला वाटलं, तुम्हाला असंच काढायचंय,’ मी म्हणते. ‘मला उजेड काढायचा होता. हा उजेड नाही, हा मोतीबिंदू आहे.’ तुम्ही पांढऱ्या प्रायमरचा डबा उघडता आणि एक रोलर माझ्या हातात देता. कॅनव्हास चांगले आहेत, टाकायचे कशाला. दुपारभर आपण एकेक खाडी पांढरी करत जातो. शेवटी खाडीकाठच्या बाकाचं चित्र राहतं: तिन्हीसांज, मांडीवर पेंगुळलेली लेक आणि मी, सगळं त्या गुळाच्या रंगात बुडालेलं. तुम्ही थांबता. ‘हेही?’

‘तुमची मर्जी,’ मी म्हणाले. तुम्ही आणखी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंत, आणि रोलर फिरवलात.

त्या पांढऱ्यावर तुम्ही निळी खाडी काढलीत, स्वच्छ, लखलखीत. हॉटेलांनी ती घेतली, तुमची चित्रं अखेर विकली गेली. तुम्ही सुखावलात का, ते मला ओळखता आलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मग साहेब निवृत्त झाले, व्हिसा संपला. ‘अमेरिकेला ये,’ तुम्ही म्हणालात, मी ‘इन्शाल्ला’ म्हटलं, आणि त्याचा इथे बहुधा ‘नाही’ असाच अर्थ होतो, ते आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. पुढे तुमच्या मुलीचा ईमेल आला. तुम्ही वारल्याचं कळवून तिने विचारलं होतं, आईचं शारजातलं एकही चित्र घरात नाही, तुमच्याकडे एखादं आहे का? मी ‘नाही’ लिहिलं, ‘सॉरी’ लिहिलं.

‘मॅडमचा मोतीबिंदू मीच पकडला,’ असं आमचे हे पार्ट्यांमध्ये अजून सांगतात. सगळे हसतात, मीही हसते. खोटं नाहीच ते, तुम्हाला डोळे परत मिळाले. पण कधी वाटतं, ती बाकावरची संध्याकाळ तुम्हाला इतकी नीट कशी दिसली होती?

हे मराठीत लिहिलेलं मी कुठे पाठवणार, आणि तिकडे वाचणार कोण? आमच्याकडे कुणाकडे काही मागत नाहीत, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावलं. मला ते चित्र हवं होतं, मॅडम. तेवढं म्हणण्यापुरतं इंग्रजी मला तेव्हाही येत होतं.