हसकेलकाकांचा शनिवार

बोरखार, ता. मुरुड
रविवार

ती. स्व. मिलकामावशीस,
सुचिताचा सप्रेम जय भीम, आणि तुझ्या बाजूचा शालोम.

इकडे सर्व कुशल आहे. (पत्राच्या सुरुवातीला असं लिहितात म्हणून लिहिलं, त्यावर फार विसंबू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? साखर तपासतेस ना? माझा रक्तदाब वाढलाय, त्याचं कारण पुढे येईलच. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन नात उचलते आणि स्पीकरवर ठेवते, मग अख्खं घर ऐकतं. पत्राचं बरं, तिकडे इस्रायलात तुझ्या डिमोनाच्या घरात मराठी वाचणारी तू एकटीच.

तर, तू पुढच्या महिन्यात येतेस. "बाबांच्या कबरीवर एकदा हात ठेवला की मी सुटले," असं तू म्हणालीस, तेव्हापासून माझी झोप उडालीय. खाडीकाठचं तुम्हा बेने इस्रायलींचं हरवलेलं कबरस्तान साफ करून तिथे गावाचं स्मारक करायचं, असं ग्रामसभेत ठरलं हे तुला माहीत आहे. मी समितीची चिटणीस आणि अजित अध्यक्ष. (अजित म्हणजे आपल्या शिंप्याचा नातू. त्याला विहीर खणायला सांगितली तर तो आधी तहान लागल्याचं जाहीर करतो.) श्रमदानाला सगळा गाव लोटला. घाणेरी उपटली, करवंदीची जाळी तोडली, दगड उघडे झाले. पण खाऱ्या वाऱ्याने अक्षरं खाल्लेली, कुठला कोणाचा काही कळेना. तुझे बाबा, अख्ख्या गावाचे हसकेलकाका, सापडेनात. हे मी तुला फोनवर हळूहळू सांगणार होते, तेवढ्यात मागून अजित ओरडला, "मिळाले म्हणून सांगा, मिळतीलच!" तू रडायला लागलीस आणि दुसऱ्या दिवशी तिकीटही काढलंस. आता बोल.

सगळं साफ झालं ते एक जागा सोडून. खाडीच्या तोंडाशी उंडीच्या झाडाखाली आमचा शनवारदेव आहे. (तुझ्या वेळी नव्हता, तुम्ही गेल्यावरचा देव.) शेंदराने लालभडक, दर शनिवारी तेल आणि दिवा, नवी होडी आली की पहिला नारळ त्याला. त्याच्या आसपास कोणी कोयती चालवली नाही. देवाची जागा! पण अजितने तोडलेल्या काट्यांची होळी नेमकी त्याच्या शेजारी पेटवली. शेंदूर तापला, तडकला, आणि मागच्या शनिवारी चंद्राबाई दिवा लावायला वाकली तर अख्खी खोळ तिच्या पायाशी गळून पडली. मी धावत गेले. आत दगडावर वर तुमच्या लिपीतल्या दोन ओळी, आणि खाली स्वच्छ मराठीत: कै. हसकेल एलोजी बोरखारकर, तेली.

मावशी, आता विचार कर. ज्या माणसाने शनिवारी, तुमच्या शब्बाथच्या दिवशी, कधी घाणा चालू दिला नाही, ज्याचा बैलसुद्धा त्या दिवशी सुट्टी घ्यायचा (हे तूच सांगितलेलंस), त्याला इतकी वर्षं आम्ही दर शनिवारी तेलाने न्हाऊ घालतोय! तुमच्यात मूर्ती चालत नाही, आणि आम्ही तुझ्या वडिलांचीच मूर्ती केली. प्रार्थनेला अलिबागहून तुमची दहा माणसं येणार, ती काय म्हणतील? तू काय म्हणशील?

त्यातून अजितला ताप आला. देव कोपला म्हणून घाबरून त्याने तुझ्या वडिलांना कोंबड्याचा नवस बोललाय. स्मारक समितीचा अध्यक्ष! (तुमच्यात कोंबडं कापायचे नियम कडक, हे त्याला कोण सांगणार?) आणि चंद्राबाई, जी लग्न होऊन आल्यापासून या देवाचं सगळं करते, तिने मी नाव मोठ्याने वाचल्यावर तेलाची वाटी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि कोळीवाड्यात निघून गेली. आता गावात कुजबुज आहे की सुचिताबाईंनी देव पळवला. मी मुळात देव न मानणारी, आणि देवाला देवपणातून सोडवायचं काम माझ्याच गळ्यात! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेव्हा हात जोडून विनंती की, येणं शिमग्यापुढे ढकल. घरी गुडघ्याचं कारण सांग. तोवर मी गावाची समजूत काढते आणि काकांना तेलातून बाहेर काढते.

तुझी,
सुचिता

ता. क. ढकलणं जमणारच नसेल, तर निदान शनिवारी येऊ नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते, तर दारात चंद्राबाई. भांडायला आली असं समजून मी मध्ये खुर्ची ओढली, तर ती त्याच खुर्चीवर बसली. म्हणाली, "नाव आयकलं नि मना सासूची याद आली. हसकेल तेल्याकडं शनवारी इस्तव पेटवत न्हवते. सासू जाऊन चूल पेटवायची, दिवा लावायची. ती मानसं देश सोडून गेली, तवा म्हातारी बोलली, तेली तर हितंच हाय, त्याचा दिवा आता कोन लावील? म्हनून ती जायची. मंग मी. देव कवा झाला, मना ठाव न्हाय." मावशी, मग आम्ही दोघी खूप रडलो.

ता. क. ३. वरचं सगळं रद्द. ढकलू नकोस. शुक्रवारी, दिवस मावळून तुमचा शब्बाथ लागायच्या आत ये आणि माझ्याकडेच राहा. रविवारी काकांकडे जाऊ. शेंदूर आता कोणी लावणार नाही, कोंबडं अजितने पाळायचं कबूल केलंय. फक्त शनिवारचा दिवा चालू ठेवायचा की नाही, ते तू सांग. लेक तू आहेस. आणि त्या शनिवारी सकाळी तुझ्या चहासाठी चूल पेटवायला चंद्राबाई येणार आहे. माझ्याकडे गॅस आहे म्हटलं, तर म्हणाली, "मंग ग्यास पेटवीन. पन मीच."