काळ्या खिंडीची खाणावळवाली

३ फेब्रुवारी, दुपारी
‘काळ्या खिंडीचा राजा’ या गेमची पहिली झलक आज आली. गेम यायला अजून वर्ष आहे. सगळं जग डोळे लावून बसलंय. मी दुकानाच्या गोदामात, बाथरूमच्या टाइल्सच्या खोक्यावर बसून झलक पाहिली. फोन छोटा आहे, पण नजर मोठी असली की भागतं.
मत: साफ गंडलंय.
दुकानाचे मालक ताश्तान बायके बाहेरून हाका मारत होते. गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणे. मी म्हटलं, मोजदाद चालू आहे. खोटं नव्हे. गेममधल्या चुका मोजत होतो.
संकल्प: आजच व्हिडिओ करायचा. बिश्केकमध्ये टाइल्स विकणारे ढिगाने आहेत. गेमवर मुळापासून बोलणारा एकच.

३ फेब्रुवारी, रात्री
व्हिडिओ उद्या. घसा बसलाय.
आपाने जेवताना झापलं. रोटी ताटावर उलटी ठेवली म्हणून. “अन्नाला पालथं घालतोस? तुझ्या बापाने असं कधी केलं नाही,” म्हणे. छत्तिसाव्या वर्षी आईकडून रोटीवरून बोलणी. शिवाय तिची ती डावी भुवई चढवायची आणि सोन्याचा दात चमकवायची पद्धत. मी गप्प राहिलो. विचारवंताने घरच्या बाबतीत गप्प राहावं.

४ फेब्रुवारी
व्हिडिओ झाला. माझ्या मते आजवरचा सर्वोत्तम.
डोंगर बरे, घोडे बरे, असं आधी उदारपणे म्हटलं. मग मुख्य मुद्दा: खाणावळवाली. नायक बर्फातून मरत मरत खाणावळीत येतो, बाकावर बसतो, समोरची रोटी उचलून उलटी ठेवतो. तर तिथली म्हातारी त्याला झापते! भुवई चढवून, सोन्याचा दात दाखवून! मी प्रेक्षकांना विचारलं, असली बाई कुठल्या मुलखात असते? हा चेहरा घडवणाऱ्याने आयुष्यात खरी म्हातारी पाहिलीय का? हिला दारात उभी करा, राक्षस आपोआप पळतील, नायकाला तलवारच नको.
राक्षसांचं वाक्य फार छान जमलं. दोनदा म्हटलं.
जिपाराला ऐकायला बोलावलं. माझी बायको. चित्रांच्या कंपनीत आहे, घरूनच कंप्युटरवर काहीतरी घडवत असते. काम परदेशी कंपनीचं, सांगायचं नाही अशी सही दिलीय. दह्या-लोण्याच्या जाहिराती असाव्यात. ती दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. मग विचारलं, घडवणाऱ्याने खरी म्हातारी पाहिलीच नाही, असं तुला नक्की वाटतं? मी म्हटलं, पैज लावतो. ती भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.
आपल्या कामात रस घेणारं माणूस घरात असलं की बळ येतं.

७ फेब्रुवारी
चाललं! कुणीतरी माझं राक्षसांचं वाक्य तेवढं कापून फिरवलं. अल्माटी, मॉस्को, कुठं कुठं पोचलंय. पोरं खाणावळवालीला मिशा काढतायत. माझ्या चॅनेलचे सभासद कालपर्यंत इतके थोडे होते की त्यात आपा दोनदा होती, पासवर्ड विसरल्यामुळे. आज हजारोंनी.
आपाला म्हटलं, बघ, तुझ्या मुलाचं नाव झालं. तिने चष्मा लावला. आधी नुसती गेमची झलक दाखवली. खाणावळवाली आली तशी फोन हातात घेऊन अगदी डोळ्यांजवळ नेला. मग इतकी हसली की पाणी आलं डोळ्यांत. जिपाराकडे बघून म्हणाली, “अगं बया, माझा रुमालसुद्धा तसाच!” जिपारा चहा ओतत होती, वाटीबाहेर ओतला. सासू-सुनांच्या गप्पा मला कळत नाहीत.
मग माझा व्हिडिओ दाखवला. आपाने पूर्ण पाहिला. चष्मा काढला. “बरं,” म्हणाली आणि आत जाऊन पडली.
वय झालंय. प्रखर टीका सोसत नाही.

१२ फेब्रुवारी
नोकरी सोडण्याचा विचार पक्का होत चाललाय. बायकेंना सांगून ठेवलं की यापुढे मला मुलाखतींसाठी मधूनच सुटी लागेल. ते म्हणाले, कुणाच्या मुलाखती? मी म्हटलं, माझ्या. ते म्हणाले, आधी फुटलेलं खोकं उचल. मुलाखतीसाठी अजून कुणी विचारलेलं नाही. लोक बिचकत असावेत.
घरी गंमतच आहे. आपा हल्ली रुमाल भुवयांपर्यंत ओढून बांधते. हसताना तोंडावर हात. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन सोन्याचा दात काढून पांढरा बसवायचा म्हणते. या वयात कसली हौस! मी चेष्टेने म्हटलं, आपा, आता स्थळं बघायचीत की काय. कुणी हसलं नाही. जिपाराने माझ्यापुढचं सूप उचलून मांजराला घातलं. मांजर शेजाऱ्यांचं आहे.
संकल्प: रात्रीचं जेवण हलकं ठेवायचं. तसंही मिळत नाही.

२० फेब्रुवारी
आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत लिहावा.
गेमवाल्यांनी जाहीर केलं: “आम्ही खेळाडूंचं ऐकलं.” खाणावळवाली काढली! नवी झलक आली. आता तिथे वीस वर्षांची पोरगी आहे, कंबर एवढीशी, नुसती हसते. नायक रोटी उलटी ठेवो, सुलटी ठेवो, पायाखाली घालो, ती हसतेच. एका माणसाने टाइल्सच्या गोदामातून जगाचा गेम सुधारला.
केक घेऊन घरी गेलो.

तोच दिवस, नंतर
जिपारा ओव्हरकोट घालून खुर्चीवर बसली होती. घरात, हीटरजवळ. म्हणाली, काम गेलं. परदेशी कंपनीने सगळी खाणावळच आमच्याकडून काढून घेतली, बाक-भिंतींसकट. मी म्हटलं, दह्याच्या जाहिरातीत खाणावळ कशाला?
तेव्हा तिने सांगितलं.
ती म्हातारी जिपाराने घडवली होती. सगळा हिवाळा. आपाला खिडकीशी बसवून, चेहऱ्याची एकेक सुरकुती बघून. आपाला वाटलं होतं, ऑफिसचं काही किरकोळ असेल. गेममध्ये आपण आहोत हे तिला माझ्या फोनवर कळलं. आणि राक्षस पळतील हेही माझ्याच फोनवर.
जिपारा म्हणाली, “मेदेत, तू एकदा तरी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलंयस का रे?”
हे मला आधी सांगायला नको होतं? सही दिली म्हणून नवऱ्यापासूनही लपवायचं? याचा विचार कुणी करत नाही.
आपा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. जाऊन नीट पाहिलं. भुवई खरंच तीच आहे. माझ्या जन्मापासून समोर आहे. पण गेममध्ये उजेड वेगळा पडला होता.
केक कुणी खाल्ला नाही. मी थोडा खाल्ला. मग उरलेला.

२२ फेब्रुवारी
हातावर हात ठेवून बसणारा मी नव्हे. नवा व्हिडिओ: ‘खाणावळवाली परत आणा!’ मनापासून बोललो. डोळे ओले केले. म्हटलं, ही जगातली सर्वांत खरी बाई आहे, माझी स्वतःची आई आहे, इथे आमच्याच घरात राहते. आणि हा चेहरा माझ्या बायकोने, जिपाराने घडवलाय, अमक्या कंपनीत.
पूर्ण सत्य सांगितलं की लोक जवळ येतात.

२३ फेब्रुवारी
लोक जवळ आले नाहीत.
“विकला गेला” असं शेकडो जणांनी लिहिलंय. एकाने मला मिशा काढल्यात. बऱ्या दिसतात.
ओश बाजारात भाजीवाल्या बायांनी आपाला विचारलं, राक्षसांना पळवणारी ती तूच का गं? एकीने पोराला बोलावून दाखवलं. आपा कांदे न घेताच परत आली.
आणि जिपाराची साहेब, इन्ना, तिचा फोन आला. न सांगायची सही मोडली म्हणून जिपाराला कामावरूनच काढलं. मी समजावलं की सही तिने केली होती, मी नाही, तेव्हा मोडली असं म्हणताच येणार नाही. यावर जिपारा माळ्यावरची बॅग काढायला गेली. मुद्दा पटला असावा.

२६ फेब्रुवारी
दोघी गेल्या. कोचकोरला, जिपाराच्या माहेरी.
सासूशी भांडून सून माहेरी जाते हे ऐकलं होतं. सासूला सोबत घेऊन गेलेली कुणी पाहिलीय? मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, आपा, तू तरी थांब, तू माझी आई. आपा गाठोडं बांधत म्हणाली, “पोरगा काय, कुठं जातोय, आहेच. अशी सून मला परत मिळायची नाही. सरक.”
सरकलो. मोठ्यांचा मान ठेवावा लागतो.
पीठ, चांगली कढई आणि माझं गरम पांघरूण घेऊन गेल्या.

५ मार्च
एकांत विचारवंताला लागतोच. बोर्सोक तळून पाहिले. कणकेचे छोटे तुकडे तेलात सोडायचे, बस. वास पार खालच्या मजल्यापर्यंत गेला. शेजारचे पाण्याची बादली घेऊन आले. शेजारधर्म अजून जिवंत आहे.
सभासद झपाट्याने गळतायत. उरतील ते दर्जेदार.
आज बायके आपणहून म्हणाले, “मेदेत, चार दिवस सुटी घे आणि त्यांना घेऊन ये. तू गिऱ्हाइकाला आईच्या गोष्टी सांगतोस, आणि टाइल्स राहतात.” मी सांगत नाही. विषय निघतो.

१९ मार्च
उद्या कोचकोरला जाणार. नवरोजच्या सणाला जावई घरी आला तर कोण नाही म्हणेल? तिथे करायचं भाषण तयार आहे. आधी माझी भूमिका, मग त्यांचे गैरसमज, शेवटी मोठ्या मनाने समेट.

२० मार्च, कोचकोर
मिनीबस घाटात अडकली. सगळ्यांनी ढकलली. मी मार्गदर्शन केलं.
सासऱ्यांनी, असानालींनी, दार उघडलं. “हां, तू होय,” म्हणाले. आत गेले आणि फावडं आणून माझ्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत गोठा साफ केला. भाषणाला वेळ मिळाला नाही. शेणाच्या वासात भूमिका नीट मांडताही येत नाही.
जेवायला आपाच्या शेजारी बसलो. तिने रुमाल मागे सरकवून बांधला होता, इथल्या बायकांत बसून मोकळं हसत होती. इथे निम्म्या बायकांचे दात सोन्याचे आहेत. मला भाषणातलं पहिलं वाक्यच आठवेना. म्हटलं, आपा, रोटी छान झालीय. थोड्या वेळाने परत म्हटलं, रोटी छान झालीय. तिसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं. आपा म्हणाली, “बस झालं. कळलं. खा.”
धुराने डोळ्यांत पाणी आलं. चूल विझलेली होती, पण जुना धूर घरात राहतो.
जिपारा अजून बोलत नाही. पण पांघरूण दिलं. माझंच.

२१ मार्च, नवरोज
आनंदाची बातमी. जिपारा आपणहून बोलली!
इन्ना अगदीच वाईट नाही. तिने अल्माटीतल्या काही पोरांना जिपाराचं नाव सुचवलं. छोटा गेम आहे, पण आहे. त्यांना चेहरे हवेत. सकाळी जिपाराने मला खिडकीशी स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, तुझा चेहरा घेते.
मी विचारलं नाही, पण समजलो. नायक. इतकं सगळं होऊनही कलावंताला शेवटी घरातच नायक सापडतो. मी छाती काढून, हनुवटी वर करून बसलो. ती म्हणाली, असं नको, नेहमीसारखा बस. तोंड थोडं उघडं ठेव. अजून थोडं. हां, तसंच, काहीतरी सांगायला लागलायस तसं.
आपा आणि सासरे दारात उभे राहून बघत होते. सासरे म्हणाले, “हा काय करतो गेममध्ये?” जिपारा म्हणाली, गावाच्या वेशीवर उभा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पुढं काय काय चुकलंय ते सांगत असतो. लोक त्याला वळसा घालून पुढे जातात. आपा मटकन खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. तोंडावर हात न घेता. बऱ्याच दिवसांनी. मीही हसलो. का ते नीट कळलं नाही.
म्हणजे प्रत्येक खेळाडूला माझ्यासमोरून जावंच लागणार. नायकालासुद्धा.
पात्राचं नाव विचारलं. अशांना नाव नसतं, म्हणाली.
समजलो. अल्माटीवाले गुप्तता पाळतायत.